‘सगळेच करतात’ हे मुले कुठे शिकतात?

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की राज्यात कॉपीमुक्त अभियानाची घोषणा होते. भरारी पथके फिरू लागतात, बैठी पथके बसतात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद ठेवली जातात. तरीही दर वर्षी कुठल्या ना कुठल्या केंद्राचे छायाचित्र छापून येतेच. शाळेच्या मागच्या भिंतीवर चढलेली माणसे, खिडकीच्या गजातून आत गेलेला हात आणि हातात चिठ्ठी. बिहारमधल्या महनारचे २०१५ चे असेच छायाचित्र जगभर गाजले आणि आपण बिहारला नावे ठेवली. पण महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे, म्हणजे दुखणे आपल्याकडेही जुनेच आहे. या छायाचित्रांत आत बसलेल्या मुलापेक्षा बाहेर लटकलेला माणूस जास्त विचार करायला लावतो. तो त्या मुलाचा काका असतो, मोठा भाऊ असतो, कधी कधी वडीलही असतात. मुलाचे वाईट व्हावे असे त्याला मुळीच वाटत नसते. उलट पोराचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून तो पडायची जोखीम घेऊन वर चढलेला असतो. त्या विषयात किती गुण पडले हे चार वर्षांनी कोणाच्या लक्षात राहत नाही. पण बाकीचे सगळे करतात म्हटल्यावर आपला बापही तेच करतो, हे त्या मुलाला त्या दिवशी पक्के कळलेले असते.

मुले बिघडण्याची चर्चा आपल्याकडे बहुधा संगतीपाशी येऊन थांबते. मित्र वाईट, मोबाइल वाईट, रील वाईट, क्लासबाहेरची टपरी वाईट. या सगळ्यात तथ्य आहे. मात्र संगत लागते ती फक्त मुलांना, मोठी माणसे तिच्या पलीकडे गेलेली असतात, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. पाहुणे काय म्हणतील म्हणून मुलीच्या लग्नात ऐपतीबाहेर खर्च करून कर्जात बुडणारा बाप, शेजारच्या मुलाने सायन्स घेतले म्हणून आपल्या चित्रे काढणाऱ्या मुलालाही सायन्सला घालणारी आई, १९६१ पासून हुंडा हा गुन्हा आहे हे माहीत असूनही ‘आम्ही काही मागितले नाही, त्यांनी हौसेने दिले’ असे सांगणारे सुशिक्षित कुटुंब, घरातल्या आजारी म्हाताऱ्याला डीजेचा त्रास होतो हे दिसत असूनही निमूटपणे वर्गणी मोजणारा गृहस्थ, हे सगळे आपापल्या संगतीचेच बळी आहेत. मुलगा ‘सगळेच करतात’ म्हणतो आणि आई-वडील ‘लोक काय म्हणतील’ म्हणतात. दोघांची अडचण एकच. चारचौघांच्या दबावापुढे मुलांनी स्वतःच्या बुद्धीने उभे राहावे असे वाटत असेल, तर तसे त्यांना सांगून फार थोडे साधते. त्यांनी आई-वडिलांना तसे उभे राहिलेले पाहिलेले असावे लागते. शिवाय घरात आई-वडिलांसमोरही तसे उभे राहण्याची त्यांना मोकळीक असावी लागते. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

मुले बघून शिकतात हे सांगायला संशोधन कशाला हवे, असे कोणी म्हणेल. पण ती नेमके काय बघतात आणि काय उचलतात, हे संशोधनाने जास्त स्पष्ट केले आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये केलेला फुगीर बाहुलीचा प्रयोग बराच प्रसिद्ध आहे. मोठ्या माणसाला बाहुली बडवताना पाहिलेल्या मुलांनी पुढे ती तशीच, तेच शब्द वापरत बडवली. त्याहून बोलका प्रयोग जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना एक खेळ दिला होता. त्यात बक्षीस मिळे आणि मिळालेल्यातले काही गरीब मुलांसाठी देता येई. मुलांनी खेळण्याआधी तोच खेळ खेळणारा दुसरा कोणी त्यांना दाखवला जाई. तो कधी दानाचे गोडवे गाई आणि स्वतः काहीच देत नसे. कधी स्वार्थाची भाषा करी आणि देताना मात्र हात सैल सोडी. मुलांनी स्वतः दिले ते समोरच्याचे वागणे पाहून. त्यांच्या बोलण्यावर मात्र त्याच्या बोलण्याचा परिणाम झालेला दिसला. म्हणजे उपदेश अगदीच वाया जात नाही, त्यातून मुले उपदेश करायला शिकतात. घरी एक सांगणे आणि दुसरे करणे रोज चालत असेल, तर मूल दोन्ही गोष्टी मन लावून शिकते आणि मोठेपणी व्यासपीठावर एक बोलून घरी दुसरे करते. अशी माणसे आपल्या सार्वजनिक जीवनात थोडी नाहीत.

खोटेपणाच्या बाबतीत तर हे फारच लवकर घडते. चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांनी कॅलिफोर्नियात १८६ मुलांवर केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना संशोधक बाई आधीच एक क्षुल्लक खोटे सांगत. शेजारच्या खोलीत गोळ्यांचे भांडे ठेवले आहे असे त्या म्हणत आणि लगेच कबूल करत, की तसे काही नाही, तू खेळायला यावेस म्हणून म्हटले. नंतर मुलाला एका खेळण्याकडे पाठ करून बसवत, वळून पाहू नकोस असे बजावत आणि बाहेर जात. शाळेत जाणाऱ्या वयाच्या ज्या मुलांशी खोटे बोलले गेले नव्हते, त्यांतल्या सुमारे ६० टक्के मुलांनी वळून पाहिले. ज्यांच्याशी खोटे बोलले गेले होते, त्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ गेले आणि पाहिले हे नाकारणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. अगदी लहान, बालवाडीच्या वयाच्या मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. म्हणजे खोटे ओळखण्याची समज आल्यावर मूल स्वतःच्या खरेपणाचा भाव नव्याने ठरवते. एसटीत बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला ‘कंडक्टरने विचारले तर अकराच सांग’ म्हणणारी आई अर्धे तिकीट वाचवते. दार वाजल्यावर ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ म्हणणारे बाबा एक नकोशी भेट टाळतात. नियम कोणासाठी असतो आणि कधी मोडायचा, हे मुलांना त्या वेळी समजते. ती समज पुढे टपरीपाशी, वर्गात आणि कचेरीत वापरली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे चारचौघांच्या दबावाकडे येऊ. सॉलोमन ॲश यांनी १९५१ पासून केलेले प्रयोग या बाबतीत पायाभूत मानले जातात. एक रेघ दाखवायची, शेजारी तीन रेघा दाखवायच्या आणि तीनपैकी पहिलीएवढी कोणती ते विचारायचे. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारे. खोलीत एकच खरा प्रयोगार्थी आणि बाकीचे सगळे आधी ठरवून ठेवलेले, ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवून गटाच्या मागे गेले. हा निष्कर्ष सांगून लोक साधारणपणे थांबतात. माझ्या मते ॲश यांचा त्यापुढचा निष्कर्ष जास्त मोलाचा आहे. त्यांनी त्या गटात एकच माणूस खरे उत्तर देणारा ठेवला, तेव्हा बहुमताचा दबाव जवळपास पाव उरला. सगळ्यांविरुद्ध उभे राहायला माणसाला दहा साथीदार लागत नाहीत, एक पुरतो. बहुतेक माणसांच्या आयुष्यात हा पहिला साथीदार आई किंवा वडील असतात. ज्या मुलाने घरात एकदा तरी ‘सगळे करत असतील, आपण करणार नाही’ हे वाक्य ऐकले आणि नंतर ते पाळलेलेही पाहिले, ते मूल मित्रांच्या घोळक्यात एकटे नसते. ज्याने असे कधीच पाहिले नाही, त्याला नकार देताना जगात आपण पहिलेच आहोत असे वाटत राहते.

येथपर्यंत बहुतेक पालक मान डोलावतील. पुढचा भाग मात्र आपल्या वळणाविरुद्ध जाणारा आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीडशेहून अधिक मुलामुलींचा किशोरवयात काही वर्षे मागोवा घेतला. तेराव्या वर्षी ही मुले आईशी एखाद्या मतभेदावर कशी बोलतात, हे त्यांनी चित्रित करून पाहिले. पैसे, मित्र, अभ्यास, घरचे नियम असे रोजचेच विषय होते. जी मुले आईसमोर आपली बाजू कारणे देऊन, न ओरडता आणि न रडता मांडत होती, ती दोन-तीन वर्षांनी मित्रांकडून येणाऱ्या दारूच्या आणि नशेच्या आग्रहाला जास्त ठामपणे नाही म्हणत होती. आईसमोर लगेच मान तुकवणारी मुले मित्रांपुढेही मान तुकवत होती. ‘उलट बोलू नकोस’ हे आपल्या घरांतले फार जुने आणि प्रेमानेही म्हटले जाणारे वाक्य आहे. त्यामागे मोठ्यांचा मान राखण्याची चांगली भावना आहे. पण ज्याला घरात बारा-तेरा वर्षे मत गिळायला लावले, तो मुलगा सोळाव्या वर्षी पार्टीत, हॉस्टेलच्या खोलीत, कॉलेजच्या गॅदरिंगनंतर अचानक स्वतःचे मत कुठून आणणार? त्याचा मालक फक्त बदललेला असतो, काल वडील होते, आज टोळीतला दादा आहे. आज्ञाधारक मुलगा आणि ठाम मुलगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला दुसरा हवा असतो आणि आपण पहिला घडवत बसतो.

याच गोष्टीची फार मोठ्या कसोटीवर झालेली तपासणीही उपलब्ध आहे. पोलंडमधला सॅम्युएल ऑलिनर हा ज्यू मुलगा १९४२ मध्ये बारा वर्षांचा होता. नाझींनी त्याचे कुटुंब मारले आणि एका कॅथलिक शेतकरी बाईने त्याला वाचवले. पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ झाल्यावर त्याने आणि पत्नी पर्ल यांनी युरोपात ज्यूंना लपवणाऱ्या ४०६ माणसांच्या आणि त्याच परिसरातल्या, वाचवणाऱ्यांत न मोडणाऱ्या १२६ माणसांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. पुस्तक १९८८ मध्ये आले. लपवणारे लोक शिक्षण, पैसा, धर्म यांत इतरांपेक्षा ठळकपणे वेगळे नव्हते. बालपणात मात्र फरक होता. त्यांच्या आई-वडिलांनी आज्ञापालनावर कमी भर दिला होता, मारझोड कमी केली होती, आणि चूक झाली की तिने कोणाला काय त्रास झाला हे समजावून सांगितले होते. परक्या जातिधर्माच्या माणसाशी माणुसकीने वागणारे आई-वडील त्यांनी लहानपणी पाहिले होते. सगळा समाज डोळे मिटून बसलेला असताना, पकडले गेलो तर जिवावर बेतू शकत असताना ही माणसे दार उघडत होती. त्यांना त्या रात्री कोणी भाषण दिलेले नव्हते.

महाराष्ट्राला यासाठी फार दूर जावे लागत नाही. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी पुण्यात पुनर्विवाह केला. त्यांच्या गावाने, कोकणातल्या मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार टाकला. पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ त्या वेळी अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षांच्या मुलाला बहिष्कार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कोण जेवायला बोलावत नाही आणि कोण नजर टाळतो, हे त्याला दिसते. त्याला हेही दिसले की वडील खचले नाहीत, चिडून कोणाला शिव्या देत बसले नाहीत, आणि तीन वर्षांत विधवांसाठी आश्रम उभारून कामाला लागले. हाच रघुनाथ पुढे १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढतो, त्या मतांपायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गमावतो, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक एकहाती चालवतो आणि अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड देतो. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. वडिलांनी लैंगिक शिक्षणाचा प्रचार कधी केला नव्हता. मुलाने वडिलांचा विषय घेतला नाही, समाजाला न घाबरता स्वतःच्या विचाराने चालण्याची त्यांची रीत घेतली. अण्णासाहेब कर्व्यांच्या सहवासात वाढलेले रँग्लर र. पु. परांजपेही पुढे बुद्धिवादाचे खंदे पुरस्कर्ते झाले. एका घरावरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. सुधारकांची मुले सनातनी निघाल्याचीही उदाहरणे आहेत. पण ॲलन आणि ऑलिनर आकड्यांत जे सांगतात, ते एका घरात कसे घडते ते येथे जवळून दिसते.

या सगळ्यावरचा सर्वांत जड आक्षेप ज्युडिथ रिच हॅरिस यांनी १९९८ मध्ये घेतला. आई-वडिलांचे संस्कार हा मोठा गैरसमज आहे, मुलांना घडवतात ती जनुके आणि सवंगडी, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा दाखला बिनतोड होता. परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले आई-वडिलांच्या ढंगाने इंग्रजी बोलत नाहीत, ती वर्गमित्रांच्या ढंगाने बोलतात. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या मराठी घरांत हे रोज ऐकू येते. जुळ्यांवरचे अभ्यासही सांगतात, की माणूस बडबडा होईल की अबोल, चिंतातुर होईल की बेफिकीर, यावर एका घरात वाढल्याचा परिणाम थोडाच असतो. हे मला पटते, आणि आपल्या मुलाचा स्वभाव आपणच बिघडवला म्हणून झुरणाऱ्या पालकांना ते सांगायलाही हवे. पण स्वभाव वेगळा आणि विवेक वेगळा. बोलण्याचा ढंग, कपडे, गाणी मित्रांकडून येतातच, यायलाही हवीत. मित्र चुकीचे काही सांगू लागले तर काय करायचे, हा प्रश्न त्यापुढचा आहे. राज्यशास्त्रज्ञ एलियास डिनास यांचे २०१४ मधले एक संशोधन येथे फार उपयोगी पडते. ज्या घरांत राजकारणावर मनापासून चर्चा होते, तिथली मुले लहानपणी आई-वडिलांचे राजकीय मत जास्त घेतात. पण घराबाहेर पडून नवे जग पाहिले की त्याच मुलांनी ते मत बदलण्याची शक्यताही जास्त असते. म्हणजे त्या घराने मत दिले ते टिकले नाही, मत तपासण्याची सवय दिली ती टिकली. संस्काराची मोजणी आपण नेहमी मतांच्या साम्यावरून करतो. मुलगा आपल्यासारखा निघाला तर संस्कार चांगले, वेगळा निघाला तर वाया गेला. ही मोजपट्टीच चुकीची आहे.

दुसरा आक्षेप परिस्थितीचा आहे आणि तो अजिबात बाजूला सारता येणार नाही. सहा महिने ऊसतोडीला गेलेले आई-वडील, दोन शिफ्टमध्ये राबणारी आई, स्वतः शाळेचे तोंड न पाहिलेला बाप यांनी मुलाला विवेकाचे धडे कधी द्यायचे? पण वागण्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, ते चोवीस तास चालूच असते. तंबाखूचे घ्या. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करत होते आणि त्यांतले बहुसंख्य ती खात किंवा दाताला लावत होते. घरातली आजी सकाळी मशेरी लावते, वडील तळहातावर चुना घेऊन तंबाखू मळतात, आणि पुडी संपली की नोट हातात देऊन आठ वर्षांच्या मुलाला टपरीवर पिटाळले जाते. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे गुन्हा आहे. टपरीवाला ‘कोणासाठी?’ विचारतो, मूल ‘बाबांसाठी’ म्हणते आणि पुडी मिळते. पुढे पाचवी-सहावीत त्याच टपरीवर ‘बाबांसाठी’ हे उत्तर खोटे असते, इतकाच फरक. बापाचे व्यसन सुटणे कठीण आहे, हे मला समजते. पण मुलाला पुडी आणायला न पाठवणे गरिबातल्या गरीब घरालाही जमण्यासारखे आहे. ‘मला हे सुटत नाही, म्हणून तू हात लावू नकोस’ असे म्हणणारा बाप तोंडाने नाकारून हाताने पुरवणाऱ्या बापापेक्षा मुलाला जास्त काही देतो. मात्र सरकारनेही या जबाबदारीआड लपू नये. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि ती बंदी पाळली जाते की नाही हे बघणे पालकांच्या नाही, प्रशासनाच्या हातात आहे.

मोबाइलच्या बाबतीतही लोक असेच हताश होतात. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसले. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुले ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. ज्या कंपन्यांचा धंदाच मुलांचे लक्ष बांधून ठेवण्यावर चालतो, त्यांच्यापुढे एकटे आई-वडील काय करणार, हा प्रश्न खरा आहे आणि त्यासाठी कडक कायदेच हवेत. तरीही सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये जे केले ते पाहण्यासारखे आहे. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात, मोठे वाचतात किंवा बोलत बसतात. सुरुवातीला लोकांनी घरोघर जाऊन आठवण करून दिली. हा नियम फक्त मुलांसाठी असता तर किती टिकला असता? आईची मालिका चालू, वडिलांचे व्हॉट्सॲप चालू आणि मुलाला ‘पुस्तक उघड’, हे शहरांतल्या हजारो घरांत रोज संध्याकाळी होते आणि रोज फसते. वडगावात मोठ्यांनी आधी स्वतःचा दीड तास दिला. शिवाय सगळ्या गावाने मिळून दिल्यामुळे एकाही मुलावर एकटे पडण्याची पाळी आली नाही, संगतच बदलली गेली. फॅमिली ग्रुपवर आलेला एखादा भडकाऊ संदेश मुलांसमोर ‘हे खरे आहे का, कोणी लिहिले, आधी बघू’ असे म्हणत न पुढे पाठवता थांबवणे, हेही त्याच जातीचे काम आहे. त्याला अर्धे मिनिट लागते.

एक शंका मात्र मला गंभीर वाटते. आई-वडिलांनी समाजाविरुद्ध उभे राहायचे म्हणजे त्याची झळ मुलांना बसणार. आपल्याकडे जातपंचायतींचा जाच इतका होता, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करावा लागला. मुलांना या किमतीत ओढायचा आई-वडिलांना काय अधिकार? मला वाटते, प्रत्येक घराने कर्व्यांचे धाडस करावे असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणणेही क्रूरपणाचे होईल. पण रोजच्या बहुतेक नकारांची किंमत बहिष्कार नसते, थोडी अडचण आणि चार टोमणे असते. पंधरा वर्षांच्या मुलाला क्लासला जायला गाडी न देणे, हा असाच एक नकार. वर्गातली निम्मी मुले दुचाकीवर येतात आणि आपलाच मुलगा सायकलवर, हे त्याला लागतेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजारांचा दंड ठेवला आहे, त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायद्याने हा वाटा पालकांच्या नावावर लिहिला आहे. तरी चौकात पोलीस आहेत का हे फोन करून मुलाला कळवणारे पालक आहेत, आणि ‘सगळ्यांकडे आहे’ हेच त्यांचे कारण. सायकलवर जाणाऱ्या मुलाला मिळते ते टोमण्यांपेक्षा मोठे आहे, पण त्यासाठी नकाराबरोबर कारण द्यावे लागते, त्याची नाराजी ऐकून घ्यावी लागते, आणि आपण स्वतः हेल्मेट घालून सिग्नलला थांबावे लागते.

शाळांच्या पालकसभांत मुलाचे गुण, फी आणि बस यांवर बोलून झाले की दहा मिनिटे या विषयाला द्यावीत, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. पालकांकडे याहून लहान मागणे आहे. आज रात्री जेवताना मुलाने किंवा मुलीने तुमचे एखादे म्हणणे खोडले, तर तिचे वाक्य पुरे होऊ द्या. तिचे चुकत असेल तर का चुकते ते सांगा, आणि बरोबर असेल तर ‘तुझे बरोबर आहे’ हे तिच्या तोंडावर, घरच्या सगळ्यांसमोर म्हणा.